साकीनाक्याला मोदकाची पिठी मोजायला

परवा माझा मलमलचा सदरा कपाटातून नाहीसा झाला. पार्ल्याच्या उकाड्यात मराठी माणसाला जे मोजके मूलभूत हक्क उरलेत, त्यांतला हा एक. ताईकडे दाद मागितली. ती खालच्या मजल्यावर राहते आणि आमची किल्ली तिच्याकडे असते. "मिळेल संध्याकाळी. आता साकीनाक्याला चल," एवढाच निकाल मिळाला.

ताई बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोदकाची पिठी विकते. घाटकोपरचा एक मिठाईवाला गणपतीसाठी पोत्यांनी पिठी घ्यायला तयार होता. पिठीचे कण केवढे, याचा प्रयोगशाळेचा दाखला मात्र त्याला आजच हवा होता. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे.

तुम्हाला जायचं असेल तर रिक्षाने हायवे गाठा आणि पुढे मेट्रो धरा. वीसेक रुपयांत गारवा मिळतो, खाली अंधेरी-कुर्ला रोडवर अडकलेल्यांकडे वरून बघायला मिळतं ते वेगळं. आम्ही अर्थातच अडकलेल्यांत होतो. मेट्रोच्या तपासणीत पिठीचा डबा उघडायला ताई तयार नव्हती.

"पांढरी पावडर आहे रे. काय सांगशील त्यांना?"

मुद्दा बिनतोड होता.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, खाली पत्रे कापण्याचा कारखाना. लिफ्ट आहे, पण ती मालासाठी. शिल्पा मॅडम नावाच्या तिशीतल्या केमिस्टनी पितळी चाळण्यांची उतरंड रचली होती. वर जाड, खाली बारीक, तळाशी थाळी. वर पिठी ओतली, यंत्राने उतरंड गदागदा हलवली. मग कुठल्या चाळणीवर किती उरलं त्याचं वजन. पण उरलंच नव्हतं. सगळी पिठी थाळीत.

"काकू, हे नापास होणार. मिठाईवाल्यांना मधल्या चाळणीवर थोडं उरायला हवंय. फार बारीक पिठाची उकड त्यांच्या मशीनला चिकटते. रोज एवढंच बारीक दळता?"

"दळते रोजचंच," ताई म्हणाली. "पण बाहेर दाखवायचं म्हणून वस्त्रगाळ केलं. याच्या सदऱ्यातून."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सुरक्षा सूचना वाचू लागलो.

"पोतीसुद्धा सदऱ्यातून गाळणार का? मला गिऱ्हाइकाला देता ते द्या ना."

ते आता पार्ल्यात होतं. ताईचा चेहरा उतरला. मग तिने पिशवीतून अर्धा किलोचं पाकीट काढलं. "हे तुझ्यासाठी आणलं होतं गं. साधंच आहे, विकते तेच."

"वाट लावली असती ना तुम्ही," म्हणत मॅडमनी पाकीट फोडलं. यंत्र दुपारनंतर दुसऱ्यांना दिलेलं, म्हणून जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी सुट्टीत चाळणी लावली. पिठी पास झाली. उरलेली नमुना म्हणून सील झाली.

नाक्यावर डोसे खाल्ले. चटणी पातळ असते, तरी तुम्ही तिथे जाच. घरी पोचेपर्यंत घाटकोपरचा होकार आला आणि ताई बिल्डिंगभर ती चाळण्यांची उतरंड हातवारे करून दाखवत फिरली. माझ्या डोक्यात मात्र मॅडमचा झाकण न उघडलेला जेवणाचा डबा राहिला होता.

शुक्रवारी अंधेरीला काम होतं. मेट्रोने तसाच पुढे गेलो, दोन मजले चढलो आणि शिल्पा मॅडमच्या टेबलावर पिठीचं नवं पाकीट ठेवलं. त्या आत होत्या, यंत्राचा आवाज येत होता. हाक न मारता खाली उतरलो.