वीज गेल्यावर येणारी पाटी

युद्धाच्या वर्षांत नंदुरबारात वीज कंपनीला वीज बनवणाऱ्या इंजिनाचं तेल पुरत नसे. वीज कधी बंद राहणार हे पाटीवर लिहिलेलं असे आणि एक म्हातारा शिपाई ती चौकातल्या खांबाला टांगत असे. माझी पिठाची गिरणी समोरच होती. पट्टा थांबायचा, बायकांचं दळण अर्धवट राहायचं, आणि मग तो यायचा. पाटीची कडा बाहीने पुसायचा, माझ्याकडे बघायचाही नाही. पलीकडच्या गिरणीवाल्याला हा आधी सांगतो, असा मला पक्का संशय होता.

एकदा मी त्याला अडवलंच. "तठे, त्या गिरनीवर चहा पिस, मंग आठे येस ना?"

"भाऊ, लाइट जास तव्हयच सायेब पाटी लिखस. माले आधी कोन सांगी?"

मला ते खोटं वाटलं. 'पाटीवाला लबाड आहे,' असा मी कंपनीकडे अर्ज केला. त्याला काढलं.

नवा माणूस आला, तोही वीज गेल्यावरच. पाटीवरची अक्षरं अजून ओली होती.

जुन्याला परत घ्या, असं लिहायला मी बसलो आणि थांबलो. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. काढताना ते लागलंच नव्हतं.