काचळीपुरतं ऊन

त्या उन्हाळ्यात मी बायकोवर ऊन पाडायचं काम केलं. घरापुढच्या ओट्यावर बसायचं, कपाटाचा निघालेला आरसा मांडीवर धरायचा, त्यात ऊन पकडायचं अन् दारातून आत फेकायचं, बराबर तिच्या हातावर. ऐकायला सोपं वाटतं. पण माझं बूड एका जागी टिकत न्हाई. हात जरा हालला की उजेड तिच्या हातावरून भिंतीवर, भिंतीवरून देवावर, देवावरून मांजरावर. मांजर पळालं की माझं ध्यान मांजरामागं. हात गच्च धरला तर सूर्य सरकतो. त्याला कोण सांगणार, बस बाबा म्हणून.

आमी तांड्यावरचे. लेकीचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरात लेक सासरी जाती ती आईच्या हातच्या काचळीत. काचळी म्हणजे आरशाच्या बारक्या काचा टाचलेली चोळी. आताच्या पोरी रोज काही ती घालत न्हाईत, त्या एका दिवसापुरतीच. बाजारात मशीनवरची मिळती. मी बायकोला म्हणलंही, "मशीनची आणू."

ती म्हणली, "मशीनला लेक हाय का?"

पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिंगोलीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आताच ऑपरेशन करा, मंग काही दिवस वाकायचं न्हाई, सुईदोरा न्हाई. ती म्हणली, लग्न झाल्यावर. लेक हिंगोलीतच दवाखान्यात नर्स, तिथंच राहती. तिला कळलं असतं तर तिनं आईला त्याच दिवशी उचलून नेलं असतं अन् काचळी राहिली असती अर्धी. म्हणून ही गोष्ट फक्त मला सांगितली. अख्ख्या तांड्यात पोटात काही न टिकणारा एकच माणूस, त्यालाच.

बाहेर बसून शिवावं तर बाया येऊन बसतात, अन् उन्हात काचा अशा चमकतात की तिला समदं पांढरं फक दिसायचं. आत अंधार. पत्र्याचं घर, एक दार. बल्ब लावला तर हरेक काचेत एकेक बल्ब. ती म्हणली, "मला काचळी न्हाई, गणपतीची लायटिंग दिसून राहिली."

म्हणून तो आरसा. तिसऱ्याच दिवशी शेजारचे काका समोर उभे.

"काय रे, बायकोला वाळवून राहिला का? हळद हाय का ती?"

"न्हाई काका, तिला दिस..." इथं मी जीभ चावली. "दिसायला उजळ करून राहिलो."

"मंग आधी सोताच्या तोंडावर मार."

काका हसत गेले. आतून आवाज आला, "झालं? सांगितलं ना समदं?" मी म्हणलं, अर्धंच सांगितलं. त्या दिवशी भाकरी पण अर्धीच मिळाली.

लग्न जवळ यायलं. मला झोप न्हाई, जेवण न्हाई. मी आत जायचो, काचळी बघायचो, बाहेर यायचो. ती म्हणायची, "तुमच्या येण्याजाण्यानंच अंधार पडतो." मंग डोक्यात आलं, दारातून ऊन आणण्यापरीस वरून आणू. हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून एक काच आणली, कोण्या दुकानाच्या जुन्या शोकेसची. पत्रा कापला, काच बसवली, कडेनं डांबर भरलं. डांबर काचेला कमी अन् मला जास्त लागलं.

उजेड पडला, पण कसा? साधी काच उन्हाला कुठं अडवत न्हाई, जसं वर तसंच खाली सोडती. जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडला, तव्यासारखा तापलेला. तोही सरकायचा. बायको चटई घेऊन त्याच्यामागं. सकाळी चुलीपाशी, दुपारी कणगीपाशी. अन् काचळी उन्हात धरली की काचा ते ऊन उलटं तिच्याच डोळ्यात फेकायच्या. वर पत्र्यावर चांदण्या नाचायच्या, खाली तिच्या बोटाला सुई टोचायची. ती बोट चोखायची अन् पुन्हा सुई धरायची.

तेवढ्यात तांड्याशेजारच्या शेतात हळद पॉलिश करायचं चालू झालं. शिजवून वाळवलेली हळद मोठ्या ड्रममध्ये टाकतात, ट्रॅक्टरवर तो ड्रम फिरवतात, हळद एकमेकीला घासून साफ होती अन् वरचं साल धूळ होऊन उडतं. दोन दिवस पिवळा धुरळा. अंगणात पिवळं, शेळ्या पिवळ्या. मी शिंकलो तरी पिवळं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर बायको सकाळपासून एकाच जागी. चटई हालली न्हाई. हात भराभर चालून राहिला, तोंडात काहीतरी गुणगुणणं. मला वाटलं, बिचारी थकली, आता सरकायचा पण जीव न्हाई राहिला. वर बघतो तर काचेवर हळदीचा थर. म्हणलं, अरेरे, माझ्या घरधनीणीला ऊन मिळेना! शिडी लावली, वर चढलो, साबण लावून काच अशी धुतली की काच हाय का न्हाई कळू नये.

आतून ओरडणं आलं. खाली उतरेपर्यंत ती दारात.

"काहून चढले तुमी वर?"

"काच मळली होती."

"मळली होती म्हणूनच दिसत होतं मला! आज कुठं हात चालला होता!"

मी आत जाऊन बसलो तवा कळलं. मळक्या काचेनं उन्हाला सरळ येऊ दिलं नव्हतं. फोडून, बारीक करून समद्या घरात वाटलं होतं. चौकोन न्हाई, चमक न्हाई, सावली न्हाई. अन् मी ते धुऊन आलो होतो.

मंग मी काय करावं? डब्यातली हळद घेतली, वर चढलो अन् काचेवर उधळली. वारा उलटा. समदी माझ्या डोळ्यात. आता घरात आंधळे दोघं. खाली शेजारच्या काकू हसत होत्या, "हळद नवरीला लावतात, नवरीच्या बापाला न्हाई."

बायकोनं शिडीच्या बुडाशी बादली आणून आपटली. लग्नासाठी घराला लावायला भिजवलेला चुना होता. म्हणली, "हा लावा. पातळ लावा. अन् मंग खाली या, परत चढू नका."

चुन्यानं काच दुधाळ झाली. ती शिवत राहिली. लग्नाच्या आदल्या सांजेला शेवटची बाही झाली. अंगठ्यानं एकेक काच चाचपली, मला इचारलं, "सरळ बसल्या का?" मला काय कळतंय. आमचं दारसुदिक मीच बसवलेलं, ते आजवर लागत न्हाई. मी म्हणलं, "बऱ्या हायत." तिला ते पटलं न्हाई. सकाळी तोंडात पाण्याचा थेंब न घेता ती मांडवाच्या कडेला बसून राहिली. काचा वाकड्या असल्या तर आईला दिसत न्हाई हे लेकीच्या ध्यानात येईल, चार बायांत लेकीची मान खाली जाईल, हेच तिच्या जिवाला लागलेलं.

लेक घरातून बाहेर आली, सावलीतून उन्हात. बायकोनं माझा हात धरला.

"सांगा, कशी दिसती? काचा कशा हायत?"

मी बघायला गेलो तर फाडकन डोळे मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. समोरच्या बाया तोंडावर पदर धरून बाजूला झाल्या. लेक पुढं येत होती अन् मांडवाच्या कापडावर उजेडाचे ठिपके तिच्यासंगं चालत होते.

"मला दिसना," मी म्हणलं. "डोळ्यात जाऊन राहिलं समदं."

"तुमच्या एकट्याच्या का समद्यांच्या?"

"समद्यांच्या."

"मंग बराबर बसल्या," ती म्हणली, अन् पाणी मागितलं. एखादी काच निसटली तर टाचायला म्हणून पदराला सुई लावून आली होती, ती काढली अन् माझ्या हातात दिली. मी ती घेता घेता बोटात टोचून घेतली.