बत्तीस ठिपक्यांची कवायत

मला ताल कळत नाही. आरतीला माझी टाळी नेहमी थोडी उशिरा पडते आणि शेजारी उभी असलेली माझी मुलगी मला कोपर मारते. त्यामुळे शाळेच्या बँडची जबाबदारी माझ्यावर आली असं मी घरी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. शाळेला आठ टॅब मिळाले होते आणि ते प्लास्टिकच्या पिशव्यांसकट मोठ्या बाईंच्या कपाटात पडून होते. वरून विचारणा झाली, टॅब कशासाठी वापरता? त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या बँड स्पर्धेचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या टॅबवर मुलींना कवायत शिकवता येईल ना?" टॅबचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली मी एकटीच होते. 'तुमच्या' या शब्दावरूनच मला कळायला हवं होतं.

बँड शिकवायला मास्तर होते. पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, मूळचे वैरागकडचे. उंच, टक्कल पडलेलं, हातात वेताची छडी. ती मारायची नव्हती, ताल धरायला ते स्वतःच्याच पोटरीवर आपटायचे. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या आणि मुलींना त्यावर चालवायचं, अशी त्यांची पद्धत. टॅबचं सांगायला मी गेले, तेव्हा त्यांनी फक्कीची पिशवी खाली ठेवली आणि हात झटकून टॅब हातात घेतला.

"ह्यात काय हाय?"

मी दाखवलं. बत्तीस मुलींचे बत्तीस ठिपके, प्रत्येकावर नंबर. बटण दाबलं की ठिपके चालायला लागतात आणि खाली आकडे पडतात, कितव्या पावलाला कोण कुठे. आधी चार छोट्या शंकरपाळ्या, मग त्या एकमेकींत शिरून एक मोठी. आपल्या सोलापुरी चादरीवर असते तशी. दोन रात्री जागून मी ती चौकटीच्या कागदावर काढली होती आणि मला तिचा बराच अभिमान होता.

मास्तरांनी सगळं शांतपणे पाहिलं. "बाई, ही कवायत हाय का दिवाळीचा फराळ?"

पहिल्या दिवशी आम्ही चार मुलींत एक टॅब दिला. मैदानावर आलो आणि कळलं की आमच्या उन्हात टॅबवर काहीही दिसत नाही, दिसतो तो फक्त आपला चेहरा. मुलींनी ओढण्या डोक्यावरून पुढे ओढल्या आणि त्यांच्या अंधारात टॅब धरले. मैदानभर आठ तंबू उभे राहिल्यासारखं दिसत होतं. मास्तरांनी शिट्टी फुंकली, तंबू चालायला लागले, आणि सोळाव्या पावलाला निम्म्या मुली पाण्याच्या टाकीकडे गेल्या, निम्म्या सायकल स्टँडकडे.

"बाई, ठिपका फिरला की!" एक जण ओढणीतूनच ओरडली.

टॅब आडवा-उभा झाला की चित्र फिरत होतं, आणि चार टॅबवर मैदानाची पुढची बाजू मागे गेली होती. मी पळत जाऊन एकेक टॅब सरळ करत होते. मास्तर छडी काखेत धरून टाकीपाशी पोचलेल्या मुलींना विचारत होते, "आलाच हायसा तर पाणी पिऊन घ्या. लई लांबनं आला."

दुसरी अडचण त्याहून साधी होती आणि माझ्या डोक्यात ती आलीच नव्हती. ढोल वाजवणारीला दोन्ही हात लागतात. मग टॅब कोण धरणार? मोठा ढोल वाजवणाऱ्या मुलीने वेणीची लाल रिबीन सोडली आणि टॅब ढोलाच्या वर बांधून टाकला. पहिल्याच ठोक्याला टॅब थरथरला, तिसऱ्याला घसरला, आणि मी तो झेलला. माझ्या आयुष्यात मी झेललेली ती एकमेव वस्तू.

शेवटी आम्ही ठरवलं, टॅब व्हरांड्यात बघायचा, पावलं पाठ करायची आणि मग मैदानात उतरायचं. चित्राचं फिरणं बंद कसं करायचं हे मी माझ्या मुलीला विचारून आले. आमच्या बऱ्याच मुली तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरच्या. त्यांतल्या एकीचे वडील चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे. तिने टॅब पाहिला आणि म्हणाली, "बाई, हे तर आमच्या घरी रोज असतं. एक चौकट म्हणजे एक धागा." मग तिने मैत्रिणींना तेलुगूत पाच मिनिटांत जे समजावलं, ते मी आठवडाभर मराठीत समजावत होते. व्हरांड्यात "ओकटि, रेंडु, मूडु" असं पावलं मोजणं सुरू झालं. मास्तर "एक, दो" म्हणायचे, मुली मनात तेलुगू मोजायच्या आणि पाय बरोबर एकाच वेळी पडायचे.

एक गोष्ट मात्र सुधरत नव्हती. तिसरी रांग उजव्या टोकाला वाकडी व्हायची. तिथे झांज वाजवणारी एक बारकीशी, अबोल मुलगी होती. मास्तर रोज तिला बोलायचे. "ए झांज, रांग बघ! आत कुटं घुसतीस?" ती मान खाली घालायची, सुधारायची आणि दहा पावलांनी पुन्हा आत सरकायची. एके दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, माझ्या जागी दुसरीला घ्या." रडत नव्हती, पण झांजांचे पट्टे बोटांना गुंडाळत आणि सोडत होती.

मी तिला एक दिवस थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक टॅब घेऊन गच्चीवर गेले आणि सगळ्या कवायतीचं चित्रण केलं. खाली येऊन व्हरांड्यात मास्तरांना आणि मुलींना ते दाखवलं. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. बत्तीस मुली आणि त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून, पोटरीवर छडी आपटत चालणारा एक माणूस. तो तिसऱ्या रांगेपाशी आला की रांग त्याच्यापासून आत सरकायची. तो पुढे गेला की तिसरी सरळ व्हायची आणि दुसरी वाकायची. छडी लागेल म्हणून मुली अंग चोरत होत्या, आणि मास्तर सगळ्यात जास्त वेळ तिसरीपाशीच असायचे.

मास्तरांनी डोळ्यांवर चष्मा चढवला.

"ह्यो टकल्या कोन?" त्यांनी विचारलं.

मुली ओढण्या तोंडात कोंबून हसू दाबत होत्या. मास्तरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, झांजवालीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, चूक माजी हुती. तुला उगंच बोललो म्या. मनात धरू नगंस."

ती एवढी गोंधळली की थेट सावधानमध्येच उभी राहिली. "असू द्या की, मास्तर," ती कशीबशी म्हणाली. त्या दिवसापासून मास्तर दहा पावलं लांबून चालायला लागले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आता त्यांना टॅबचा नाद लागला. मी वर्गात असले तरी दारात येऊन उभे राहायचे. "बाई, तेवढं कालचं लावून द्या की." सकाळी फोन यायचा, "अकरा नंबरचा ठिपका जरा डावीकडं घिऊ का?" मी नको म्हणायचे. स्पर्धेला दोन दिवस उरले असताना मधल्या सुट्टीत ते स्टाफरूममध्ये आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"अकराला डावीकडं घेत हुतो," ते म्हणाले. "तर समदेच गेले."

आठही टॅब एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे ठिपके आठांवरूनही गेले. माझा मूळ कागद घरी होता, आणि सगळं पुन्हा भरायला दोन दिवस तरी लागले असते. मी काय बोलले ते लिहीत नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "बोला, बाई. बोला."

ढोलवाल्या मुलीने मार्ग काढला. ती म्हणाली, "बाई, टॅबवरचं गेलं. आम्ही कुठं गेलोय?" मुली व्हरांड्यात रांगेने आल्या आणि प्रत्येकीने टॅबवर आपापला ठिपका आपल्या उभं राहायच्या जागी ठेवला. चार छोट्या शंकरपाळ्या, मग मधली पावलं, मग मोठी शंकरपाळी. मधेच दोघींचं भांडण झालं, म्हणून त्या मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या, पावलं मोजली आणि परत आल्या. शाळा सुटायच्या आत सगळं झालं.

घरी मी ते माझ्या कागदाशी ताडून पाहिलं. सात जागी फरक होता. मी बसवलं होतं तसं न करता मुलींनी मोठ्या ढोलांच्या आजूबाजूला अर्धं पाऊल मोकळं ठेवलं होतं. गणितात बिंदूला लांबी-रुंदी नसते. ढोलाला असते. माझ्या आकृतीत तो ढोल शेजारणीच्या पाठीत गेला असता. अकरा नंबर, हे मी मास्तरांना अजून सांगितलेलं नाही, थोडा डावीकडेच होता.

स्पर्धेच्या दिवशी मुली सुंदर चालल्या. मी मांडवात परीक्षकांच्या मागे बसले होते. शंकरपाळीची वेळ आली, मुली हलल्या, एकमेकींतून गेल्या, थांबल्या, आणि मला पुढच्या आठ-दहा मुलींपलीकडे काहीच दिसलं नाही. परीक्षकही माना उंच करून बघत होते. इतके दिवस आम्ही ती आकृती टॅबवर आणि गच्चीवरून पाहत आलो होतो. मांडवातून ती कशी दिसेल, हा प्रश्न ना गणिताच्या बाईंना पडला होता ना पोलीस बँडच्या मास्तरांना. आमचा तिसरा नंबर आला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पदन्यास व रांगा उत्कृष्ट. मधली हालचाल कशासाठी, ते स्पष्ट झाले नाही.'

मैदानाला लागून एक चार मजली इमारत होती. मुली मैदानाबाहेर निघाल्या, तेव्हा तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई कठड्यावरून वाकली. ओला टॉवेल हलवत ती जोरात ओरडली, "चाला बागुंदि!"

सगळी रांग एकदम हसली. मास्तर दहा पावलांवर होते, ते जवळ आले.

"काय म्हनली ती?"

"लई छान झालं म्हणली, मास्तर," झांजवाली म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं. त्या बाईला त्यांनी छडी छातीशी धरून रीतसर सलाम केला आणि मुलींकडे वळून म्हणाले, "मग दात काय काडता? रांग बघा. ती अजून वरनं बघतीया!"