सुभेदारांची यमाई

"भावजी, ह्या शनिवारी येऊ नका," शालनवहिनी फोनवर म्हणाल्या. मी सांगलीत रंगाच्या दुकानात उभा होतो. निळ्या रंगाचा छोटा डबा हातात होता आणि दुकानदार माझ्यासाठी बारीक पॉलिश पेपर शोधत होता. मला वाटलं, त्यांच्याकडे पाहुणे आले असतील, नाहीतर सुभेदारांचा गुडघा पुन्हा धरला असेल. म्हणून मी विचारलं, "मग पुढच्या शनिवारी येऊ का?" त्या म्हणाल्या, "सकाळी गेलं ओ ते. दूध घेऊन आलं, पायरीवर टेकलं, आन् तसंच..." डबा मी काउंटरवर तसाच ठेवला. दुकानदार मागून हाक मारत होता, ती मला रस्ता ओलांडल्यावर ऐकू आली.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. सुभेदार हणमंतराव माझे नात्याचे नव्हते, गावाचे नव्हते, माझ्या हायस्कुलातलेही नव्हते. मी सांगलीत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. ते औंधाजवळच्या एका कोरड्या गावातून एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. "आमच्या गावात बुडून मरायचं म्हटलं तरी पाणी न्हाई, मास्तर," असं ते सांगायचे. पोहायला ते फौजेत शिकले. नद्यांवर पूल टाकणाऱ्या तुकडीत असल्यामुळे उभी नोकरी बोटींवर गेली. निवृत्त होऊन साताऱ्याला घर बांधलं, पण पाण्यावाचून त्यांना चैन पडेना. तेव्हा कोयना धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एकानं धंदा बंद केला, त्याची जुनी बोट यांनी घेतली. सोळा फुटी, फायबरची, वर कापडी छत, आत तीन बाकं, मागं लटकवायचं इंजिन. औंधच्या देवीचं नाव तिला दिलं, यमाई. भाड्यानं द्यायची नाही, मासे धरायचे नाहीत, नुसती हौस. वहिनी तिच्यात एकदाच बसल्या, डोळे मिटून, आणि उतरल्यावर म्हणाल्या, "आता मला परत म्हणू नका."

आमची ओळख झाली ती पुरात. त्या वर्षी कृष्णा आमच्या गल्लीत शिरली आणि दोन दिवसांत खालचा मजला गेला. मी, माझी पत्नी सुधा आणि शेजारची दोन कुटुंबं आमच्या माडीवर अडकून पडलो. सुधाला हृदयाचा त्रास होता. गोळ्या संपत आल्या होत्या आणि तिला आडवं पडलं की धाप लागत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरी बोट गल्लीतून येताना दिसली. टीव्हीवरचा पूर बघून सुभेदारांनी यमाई टेंपोत घातली होती आणि विट्यावरून वाट काढत ते सांगलीत आले होते. बोटीत सहा जणांची जागा होती. आम्ही नऊ होतो. सुधाच म्हणाली, "आधी शेजारच्या बाळंतिणीला न्या. मी बसते की." सुभेदारांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ताई, अर्ध्या तासात आलोच."

ते चार तासांनी आले. इंजिन बंद होतं आणि ते एका फळीनं बोट वल्हवत होते. तळहात सोललेले होते. परत येताना पाण्यातली नायलॉनची साडी इंजिनाच्या पंख्याला गुंडाळली आणि पंख्याची पिन तुटली. ही करंगळीएवढी पिन असते. पंखा कशात अडकला तर इंजिन वाचावं म्हणून ती मुद्दाम मोडते. दुसरी घातली की पाच मिनिटांत काम होतं. पण दुसरी त्यांच्याजवळ नव्हती. सुधाला आम्ही दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पूर ओसरल्यावर महिन्याभरानं ते माझ्या दारात उभे राहिले. भिंतींवर छातीएवढ्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती, घरात खुर्ची नव्हती. ते उभ्यानंच बोलले, साहेबासमोर अहवाल द्यावा तसं. "मास्तर, जादाची पिन माझ्याकडं हाय. पर ती सातारला घरात ऱ्हायली व्हती, खिळ्यांच्या डब्यात. निघताना तपासलं न्हाई मी. चूक माझी हाय." मी म्हणालो, "चहा घेता?" ते नको म्हणाले. एका कागदावर फोन नंबर लिहून ठेवला आणि गेले.

मला त्यांचा राग होता. रिकाम्या घरात राग सोबतीला असतो, निदान कुणाशी तरी भांडण चालू राहतं. त्या हिवाळ्यात एक दिवस मी कारण नसताना साताऱ्याची एसटी धरली. ती बोट मला बघायची होती. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. सुभेदारांनी स्टँडवरून मला स्कूटरवर घेतलं, कासच्या पठारावरून गार वाऱ्यात कोयनेच्या काठी बामणोलीला नेलं. बोट काठावर पालथी घातलेली होती. ते तळ घासत होते. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडून त्यांनी माझ्यासमोर धरला. मी घेतला... आणि दुसऱ्या बाजूनं घासायला लागलो.

त्यानंतर एक शनिवार सोडून एक, अशी सहा वर्षं. सकाळी सहाची गाडी, इस्लामपूर, कराड, नऊला सातारा, मग स्कूटर. वहिनींच्या डब्यात भाकरी, कोरडा झुणका आणि माझ्यासाठी कमी तिखटाचा वेगळा ठेचा. बोटीवर काम कधी संपत नाही, हे मला त्या सहा वर्षांत कळलं. तळात साचलेलं पाणी उपसायचं, शेवाळ खरवडायचं, इंजिनाचा प्लग काढून साफ करायचा, दोऱ्या बदलायच्या, फायबरला चीर गेली असेल तर कापड आणि रेझिन लावून बुजवायची, ती वाळली की घासायची, मग रंग. रंग माझ्याकडे. बाजूची निळी पट्टी मी हातानं ओढायचो, दोरा न धरता, आणि सुभेदार लांबून बघून म्हणायचे, "मास्तर, लय सरळ गेलीया. फौजेत असता तर नकाशे काढले असते तुमी." पावसाळ्यात बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवायची, तरी आम्ही जायचो. धुक्यात स्कूटर रांगत असायची आणि मी मागं छत्री धरून, दोघंही भिजलेले. प्रत्यक्ष पाण्यावर जाणं फार थोडं. इंजिन बघायला म्हणून पाव तास एक चक्कर, की परत काठावर. एकदा पुण्याच्या पाहुण्यांनी फिरवून आणायची गळ घातली, तर ते म्हणाले, "ही बोट ड्युटीवर हाय." पाहुणे हसले. मला हसू आलं नाही. इंजिनाशेजारच्या डब्यात तेव्हा वीस पिना होत्या, तेलकट कापडात गुंडाळलेल्या, आणि प्रत्येक वेळी ते त्या मोजायचे.

दोन वर्षांनी कृष्णा पुन्हा चढली. मला सुभेदारांचा फोन आला तेव्हा ते कराडपर्यंत पोचलेले होते, बोट टेंपोत. सांगलीच्या बाहेर एका उंच रस्त्यावर आम्ही दोन दिवस थांबलो, टेंपोतच झोपलो. या खेपेला सरकारी बोटी भरपूर होत्या, लोकही वेळेत बाहेर पडले होते. एक पोलीस येऊन नीटच बोलला, "आजोबा, गरज न्हाई लागणार. घरी जावा आता." पाणी उतरायला लागलं. मी त्यांना सोबत म्हणून साताऱ्यापर्यंत गेलो. वाटेत कराडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी कप हातात धरला, प्याले नाहीत. म्हणाले, "मास्तर, आवंदा पिन व्हती." आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सुधा गेली त्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मनाला लावून घेऊ नका. चार तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. हृदय थकलं होतं त्यांचं." हे वाक्य मी सुभेदारांना कधीच सांगितलं नाही. आधी रागानं सांगितलं नाही. कुणीतरी दोषी असणं मला हवं होतं. नंतर राग विरून गेला, तो कधी विरला तेही मला कळलं नाही, पण तोवर भीती आली होती. मुलगी परदेशात, घरात मी एकटा. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी साताऱ्याच्या स्टँडवर माझी वाट बघत उभं असायचं. या माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं, तर तो मला कशाला बोलावेल? असा हिशोबी विचार मी केला. त्या दिवशी कराडला मी म्हणालो, "चहा गार होतोय." ते "व्हय" म्हणाले आणि एका घोटात प्याले.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. बोट नुकतीच पाण्यात उतरवली होती. त्या दिवशी ते फारसं वाकत नव्हते, सगळी कामं मलाच सांगत होते. "ही गाठ तुमी मारा. न्हाई, उलटी... हां." इंजिन सुरू करायची दोरीही मला ओढायला लावली. तीनदा ओढली, झालं नाही. ते म्हणाले, "रागानं वढू नका, मास्तर. दमानं वढा, मग झटका द्या." चौथ्यांदा सुरू झालं. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. त्यांच्या छातीत तेव्हापासूनच दुखत असावं, पण ते त्यांनी वहिनींनाही सांगितलं नव्हतं.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी साताऱ्याला गेलो. स्टँडवर उतरल्यावर सवयीनं डावीकडे बघितलं. तिथं एक रिक्षा उभी होती. घरी वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांचं वाक्य, माझा राग, माझी भीती, कराडचा चहा. त्या मेथी निवडत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्यास्नी ठावं व्हतं, भावजी."

त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

"पयल्याच वर्षी दवाखान्यात जाऊन आलं व्हतं ते. तीन तास बाहिर बसलं, मग डॉक्टर भेटलं. म्हणं, त्या बाई वाचायच्या न्हवत्याच. मला घरी येऊन सांगितलं, आन् जेवलं न्हाईत त्या दिवशी."

"मग... मला कधी बोलले नाहीत ते?"

"तुमी कुठं बोलला?" वहिनींच्या आवाजात राग नव्हता. "मी इचारलं व्हतं एकदा. म्हटलं, मास्तरास्नी सांगा की. तर गप बसलं. का, ते मला न्हाई ठावं. आता कुणाला इचारायचं?" त्यांनी मेथीच्या काड्या पदरातून खाली झटकल्या, उठल्या आणि देवळीतली बोटीच्या कुलपाची किल्ली आणून माझ्या हातात दिली. "मला पाण्याचं भ्या वाटतं. तुमीच बघा आता तिच्याकडं."

म्हणजे कराडला ते माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक होतं. ते फक्त मी देतो का, याची वाट बघत होते... किंवा तसंही नसेल. कदाचित डॉक्टरांचं ऐकूनही त्यांच्या मनाला ते पटलं नसेल, आणि माझ्या तोंडून ऐकायचं असेल. कदाचित माझ्यासारखीच त्यांनाही शनिवारची काळजी असेल. मी यातलं रोज एक खरं मानतो. दुसऱ्या दिवशी ते टिकत नाही.

गेल्या शनिवारी मी एकटाच बामणोलीला गेलो. एसटीनं, स्कूटर मला चालवता येत नाही. बसमध्ये दोन बायका आणि एक शाळामास्तर होते, ते वाटेतच उतरले. शेवटचे काही मैल मी आणि ड्रायव्हर-कंडक्टर. यमाई काठाला बांधलेली होती. तळात वीतभर पाणी साचलं होतं, ते डब्यानं उपसलं. शेवाळ खरवडलं. छताची एक शिवण उसवली होती, ती सुईदोऱ्यानं घातली. माझे टाके वेडेवाकडे येतात. प्लग काढला, पुसला, बसवला. सगळं करता करता दुपार झाली. भूक लागली तेव्हा लक्षात आलं, डबा आणलाच नाही. आजवर तो कधी मला आणावाच लागला नव्हता.

मग इंजिनाची दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. बोट सोडून आत जायचं धाडस मला झालं नाही. बांधलेल्या बोटीतच, मागच्या बाकावर बसून, मी पाव तास ते चालू ठेवलं. पलीकडच्या काठावरून कुणीतरी हात केला, मीही केला. मग बंद केलं. एकदम शांत झालं, इतकं की बोटीला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं.

इंजिन बंद झाल्यावर सुभेदार कधी लगेच उठत नसत. त्याच्या टोपणावर हात ठेवून बसायचे, ते गार होईपर्यंत. ते तपासत असतील असं मला वाटायचं, आणि मी आपला सामान आवरायला लागायचो. त्या दिवशी मी आवरलं नाही. हात ठेवला. टोपण चांगलंच तापलं होतं. मी म्हणालो, "सुभेदार, तुमची चूक नव्हती." मोठ्यानंच म्हणालो, तिथं ऐकायला कुणी नव्हतं. आणि हात तसाच ठेवून बसलो. ते निवायला किती वेळ लागतो, हे सहा वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं. बराच लागतो. परतीची गाडी वर वळणावर येऊन हॉर्न देत होती, तरी ते अजून कोमट होतं.