सामंतांच्या गाडीचे ऑइल सील

गिअरबॉक्स खाली उतरला होता, मी गाडीखाली आडवा होतो आणि माझ्या पायांशी उभे राहून सामंत विल्सनच्या नावाने बोटे मोडत होते.

"डुप्लिकेट प्लेट टाकली त्याने, दळवी! सहा महिन्यांत क्लच गेला. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलंय, शहाडच्या त्या गॅरेजात कोणी पाऊल ठेवू नका."

"प्लेट हातात येऊ द्या. मग बोलू," मी म्हणालो.

या प्रसंगाची एक गोड हकिगत सध्या डोंबिवलीत फिरते आहे. तिच्यात मी फार उदार दिसतो. ती खोटी आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सामंत कोपरला राहतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडी अठरा वर्षांची. विल्सन मूळचा कळव्याचा. माझ्या गॅरेजमध्ये सात वर्षे काम शिकला आणि मग त्याने शहाडला स्वतःचे गॅरेज काढले. सामंतांच्या त्या मेसेजनंतर आठवडाभरातच त्याची नेहमीची गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली होती. मेकॅनिकपाशी नावाखेरीज फारसे काही नसते, आणि त्याचे नाव त्या दिवशी माझ्या जॅकवर टांगलेले होते.

क्लच म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती म्हणजे फ्लायव्हील. तिच्यावर क्लच प्लेट घट्ट दाबली गेली, की इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांकडे जाते. प्लेट झिजली किंवा तिच्यावर तेल आले, की ती सरकते. मग इंजिन ओरडते, पण गाडी चढत नाही. सामंतांची गाडी पत्रीपुलाच्या चढावर नेमकी अशीच अडली होती.

प्लेट बाहेर आली. तिच्यावरचा मार्क पाहिला. अस्सल होती. जाडीही भरपूर शिल्लक होती. मात्र ती तेलाने भिजली होती.

"डुप्लिकेट नाही ही."

"मग उलटी बसवली असेल."

"उलटी बसवली असती, तर गाडी त्याच्या दारातून बाहेर पडली नसती, सामंत."

क्लचच्या एका बाजूला इंजिनाचे तेल असते, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचे. ते आत येऊ नये म्हणून दोन्हीकडे रबराची एकेक कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. गिअरबॉक्सकडचे सील नवे कोरे होते. ते विल्सनने बदललेले. इंजिनाकडचे सील फ्लायव्हीलच्या मागे असते. मी फ्लायव्हील उतरवले आणि सील उचकटून काढले. रबर नखाने दबेना. दोन बोटांत वाकवले, तर मोडले. रबर असे होते ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने.

दोन वर्षांपूर्वी याच गाडीचा क्लच मी बदलला होता, आणि सहा महिन्यांपूर्वी विल्सनने मला फोन केला होता.

"काका, सामंतांच्या क्लचवर तेल आलंय. इंजिनाकडचं सील तुम्ही बदललेलं ना?"

"मला विचारतोस? माझ्या हातून सील राहतं का रे कधी?"

"नाय काका, तसं नाय. मग गिअरबॉक्सकडचं असणार. ते टाकतो."

जळलेल्या प्लेटवर दोन्ही तेले सारखीच काळी दिसतात. माझ्या शब्दावर विसंबून त्याने फ्लायव्हील उतरवलेच नाही.

तरीही मी पळवाट शोधली. सील मी बदललेच असेल, मालच हलका निघाला असेल. आमच्या गॅरेजचा एक नियम आहे: काढलेला प्रत्येक पार्ट गोणीत बांधून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा, म्हणजे बदलला नाही असे कोणी म्हणायला नको.

"सामंत, मी दिलेली गोणी आहे का अजून?"

बँकेत जन्म काढलेला माणूस काही फेकत नाही. स्टेपनीखालून गोणी निघाली. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. सील नव्हते.

"यातलं सील कुठाय?"

"मला काय माहीत? तुम्ही मारलेली गाठसुद्धा मी सोडलेली नाही."

त्यावर वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते. "चूक माझी आहे. विल्सनची नाही. ग्रुपवर तसं लिहा," मी म्हणालो.

"जाऊ द्या हो. या वयात होतं असं."

"वयाचा काय संबंध? काढा फोन."

त्यांनी 'दळवींच्या नजरचुकीने' असे लिहिले. मी ते खोडायला लावून 'दळवींनी सील बदलले नाही आणि बदलले असे सांगितले' असे लिहवून घेतले. मग विल्सनला फोन लावला.

"सील माझ्याकडून राहिलं होतं, विल्सन."

तो म्हणाला, "काका, फ्लायव्हील मी उतरवायला पाहिजे होतं."

"ते तुझं तू बघ. माझं मी सांगितलं."

नवे सील बसवले, नवी प्लेट टाकली. चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा एक सांधा ढिला झाला होता, तोही बदलला. चार माणसे बसवून पत्रीपूल चढलो. गाडी जराही अडली नाही. विल्सनची गिऱ्हाइके हळूहळू परतली. एक परतले नाही.

पुढे सोसायटीने ठरवून टाकले, की शिष्याला वाचवण्यासाठी दळवीकाकांनी दोष अंगावर घेतला. मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कारही ठेवला. मी माइक हातात घेऊन सांगितले, की हे साफ खोटे आहे. टाळ्या दुप्पट झाल्या. शाल मी तिथेच खुर्चीवर ठेवून आलो.

धडा एवढाच: गिअरबॉक्स उतरला, की फ्लायव्हीलही उतरवावे आणि सील बदलावे, मागच्या वेळी बदलले असे कोणीही सांगो. विल्सन हल्ली मला फोन करून विचारत नाही. उघडून पाहतो. सात वर्षांत मला त्याला हे शिकवता आले नव्हते.