एका कार्डावरचे पाच पत्ते

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण महाळुंग्याच्या कंपनीतली ती केस मी झोपेतून उठवलं तरी पहिल्यापासून सांगेन. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी गुन्हे निरीक्षक होतो, आणि कंप्युटरशी माझा संबंध मेल उघडण्यापुरता होता. तोही कुणी पासवर्ड आठवून दिला तर.

शुक्रवारी सकाळची हजेरी चालू असतानाच गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. पत्र्याला आकार देणाऱ्या नव्या साच्याची, म्हणजे डायची, ड्रॉइंग बुधवारी दुपारी चार वाजता कंपनीच्या नेटवर्कमधून बाहेर गेली आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारं एक यंत्र कंपनीत होतं. त्यात पाठवणाऱ्या कंप्युटरचा पत्ता सापडला. शेवटचा आकडा ४७. कंपनीच्या रजिस्टरमध्ये ४७ म्हणजे टूलरूममधल्या एका डिझायनरचं टेबल. व्यवस्थापकांनी सर्व्हरच्या खोलीला आधीच कुलूप लावलं होतं, आणि डिझायनरला कामावरून काढण्याचं पत्रही टाइप करून आणलं होतं.

"साहेब, पुरावा समोर आहे. अटक आजच झाली तर बरं," ते म्हणाले.

डिझायनर महाळुंग्याचाच. चाळिशीचा, जुन्या शेतकरी घरातला. कंपनीने त्याला सकाळीच गेटवरून परत पाठवलं होतं, म्हणून गाडी पाठवून घरून आणलं. त्याचा कंप्युटर पंचांसमोर जप्त करून सीलबंद केला आणि मुद्देमाल खोलीत ठेवला. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते.

"बुधवारी चार वाजता कुठं होतात?"

"प्रेसपाशी, सायेब. डायची ट्रायल चालली हुती. कंप्युटर बंद करून गेलतो."

"किती वाजता?"

"घड्याळ कुठं बघितलं? च्या आला, त्याच्या मागनं."

"बंद केलेला कुणी पाहिला?"

"न्हाई." मग त्याचा आवाज चढला. "सायेब, त्या कंपनीची शेड आमच्या जमिनीवर उभी हाय. जमीन दिली तवा नोकरी मिळाली. मी माझ्याच घरात चोरी करीन व्हय?"

बनाव करून आलेला माणूस मिनिटासकट वेळ सांगतो, हा माझा अनुभव. हा चहावरून वेळ सांगत होता. मी जबाब घेतला, नोटीस दिली आणि त्याला घरी सोडलं. व्यवस्थापक संतापले. वरिष्ठांचा फोन आला, "कुणाची वाट बघताय?" मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यानंतर अटक टळणार नव्हती, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेली त्याची एकमेव नोकरीही जाणार होती.

दुपारी सर्व्हरचा पंचनामा झाला. कंपनीच्या सिस्टिम इंजिनिअरने आमच्या आणि पंचांच्या देखत एक कमांड टाइप केली. सर्व्हरचा पत्ता एकच दिसला, १०. "बघा, यात काहीच नाही," तो म्हणाला. मी मान डोलावली. मला दुसरं काय येत होतं!

शनिवारी आमच्या ठाण्यातल्या महिला शिपाई कंपनीच्या लोकांकडे चौकशी करून एका माणसाला घेऊन आल्या. त्या निगडीच्या, भरतीआधी कंप्युटरचा डिप्लोमा केलेल्या. सोबतचा माणूस कंपनीच्या बसचा ड्रायव्हर होता, मूळचा मराठवाड्याचा.

"साहेब, बुधवारी संध्याकाळी बसमध्ये मेसेज आला की उद्या कंपनी चालू, डबल ओव्हरटाइम. पोरं नाचायली होती. एकटा तो सिस्टिमवाला कपाळाला हात लावून. 'नेमका हाच गुरुवार का?' म्हणायला. त्याला तर दुसऱ्या दिवशी सुट्टीच दिली होती. तरी गेटवर फोन लावला, आत येऊ देता का म्हणून. गेटवाला नाही म्हणाला."

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, हे या इंजिनिअरचं ठरलेलं काम. त्या आठवड्यात तातडीची ऑर्डर आली, प्रेस चालू राहिल्या, म्हणून सर्व्हरही चालूच राहिला.

"सुट्टी मिळालेला माणूस रडतो कशाला?" मी विचारलं.

शिपाई बाई ताडकन उभ्या राहिल्या. "सर, सर्व्हरवर लिनक्स नावाची सिस्टिम आहे. त्यात एकाच नेटवर्क कार्डाला अनेक पत्ते देता येतात. एका दाराला चार नावांच्या पाट्या लावाव्यात तसं. आणि नुसती कमांड देऊन जोडलेला पत्ता सर्व्हर रिस्टार्ट केला की आपोआप पुसला जातो!"

"पण काल तर एकच पत्ता दिसला."

"काल त्याने जुनी कमांड चालवली, सर. असे जोडलेले पत्ते तिच्यात दिसत नाहीत. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं."

"आत्ता आलं ना? जीप काढा."

पंच, व्यवस्थापक आणि तो इंजिनिअर अशा सर्वांना समोर उभं केलं. बाईंनी शेजारच्या कंप्युटरवरून ४७ ला हाक मारली, म्हणजे 'आहेस का?' असा संदेश पाठवला. स्क्रीनवर एकामागून एक उत्तरं उमटू लागली. ४७चा कंप्युटर आमच्या मुद्देमाल खोलीत सीलबंद होता, आणि ४७ उत्तर देत होता! व्यवस्थापक खुर्चीत बसले.

मग बाईंनी सर्व्हरवर नवी कमांड दिली. एका कार्डाखाली पाच पत्ते.

"हे काय?" मी इंजिनिअरला विचारलं.

"जुने सर्व्हर भंगारात गेले, सर. पण प्रेसच्या मशिनांमध्ये त्यांचेच पत्ते भरलेले आहेत. मशिनं बदलायला नकोत म्हणून ते तीन पत्ते याच कार्डावर कायमचे घेतलेत. सगळीकडे करतात असं."

"मूळचा दहा, हे तीन, म्हणजे चार झाले. पाचवा?"

त्याने पाणी मागितलं. बाईंनी तेवढ्यात नोंदयंत्राचा अहवाल पुढे सरकवला. बुधवारच्या नोंदीत पत्त्याशेजारी पाठवणाऱ्या कार्डाचा कायमचा क्रमांकही छापलेला होता, आणि तो सर्व्हरच्या कार्डाचा होता. पहिल्या दिवसापासून तो कागद आमच्या फायलीत होता. कुणी वाचला नव्हता, मीसुद्धा नाही.

"गुरुवारी आपोआप पुसला जाणार म्हणून मी तो पत्ता हाताने काढला नाही. रिस्टार्ट झाला असता तर काही उरलं नसतं," तो पुटपुटला. प्रतिस्पर्ध्याने त्याला वरच्या जागेचं आमिष दाखवलं होतं. त्याचा कबुलीजबाब कोर्टात किती टिकतो याची मला फिकीर नव्हती. स्क्रीनचे फोटो, पंचांच्या सह्या, कार्डाचा क्रमांक, सगळं पक्कं हातात होतं. संध्याकाळी अटक दाखवली आणि ठाण्यात मी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. पहिला पेढा बाईंना.

रविवारी डिझायनरला ठाण्यात बोलावलं. व्यवस्थापकांनी ते पत्र त्याच्यासमोर फाडलं आणि हात जोडले. तो मात्र जागचा हलला नाही.

"सायेब, मला न्यायला तुमची गाडी दारात आली, ती आख्ख्या गावानं बघितली. आता सोडायला बी गाडीच पायजे. दिवसाउजेडी."

मी त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसलो. गावाच्या चौकात गाडी थांबवली, खाली उतरलो, आणि पारावरच्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "या माणसाने काहीही केलेलं नाही. चूक आमची होती." एवढं मोठ्याने मी परेडवरही ओरडलो नसेन. तो गर्दीतून ताठ मानेने घराकडे चालत गेला.

रजिस्टरमधल्या आकड्यावर विसंबून मी एका माणसाच्या दारात गाडी उभी केली होती. त्या केसनंतर नोंदीतला पत्ता प्रत्यक्ष पडताळल्याशिवाय मी कुणालाही घरून उचललं नाही. आणि चुकून उचललेल्या प्रत्येकाला त्याच्या चौकात, पुढच्या सीटवरून उतरवलं.