चाळीस दिवसांचा उपास आणि दुसऱ्याची पाठ

नवीन राज्य झालं आणि आमच्या खात्याला रायपुरात जागा मिळाली ती एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. मी नागपूरहून बढतीच्या आशेने आलो होतो. बढती काही आली नाही, म्हणून मी पवित्र व्हायचं ठरवलं.

आम्ही ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ घरी पाळला जायचा, पण कसा, तर आई मटण सोडायची आणि वडील चहातली साखर. मला ते फारच किरकोळ वाटायचं. मी दिवसभर नुसतं पाणी प्यायचं आणि संध्याकाळी दोन कोरड्या पोळ्या खायच्या असं ठरवलं. गादी सोडून चटईवर झोपू लागलो. देह म्हणजे आत्म्याच्या वाटेतला धोंडा, हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "धोंड्याचा डबा भरू का नको, तेवढं सांगा."

उपास देवासाठी होता, पण एकट्या देवालाच ठाऊक असून काय उपयोग? ऑफिसात कोणी चहाचं विचारायच्या आधीच मी डोळे मिटून म्हणायचो, "नहीं भैया, उपवास है." आरशात गाल बसलेले दिसले की मला भलतंच समाधान वाटे.

बाराव्या दिवशी फायलींचा गठ्ठा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी आडवा झालो. दवाखान्याच्या इमारतीत पडूनही डॉक्टर काही मिळाला नाही. डॉक्टर तिथून केव्हाच हलले होते. चपराशाने साखरपाणी पाजलं आणि काळजीने विचारलं, "साहब, कौन से भगवान का व्रत है ये?"

मी चर्चचं नाव सांगितलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

संध्याकाळी मावशी आल्या. त्या निवृत्त नर्स. आमच्या मंडळीत लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"काय करून राहिला तू हे?"

"देहाला शिस्त लावतोय."

"शरीर देवाचं घर आहे म्हणून दर रविवारी ऐकते ना? मग घराच्या भिंती पाडून कोणाले खुश करून राहिला? अरे, देव स्वतः माणसाचं शरीर घेऊन आला. तुले काहून त्याची लाज?"

मावशी उत्तरासाठी थांबल्याच नाहीत.

"शिस्तच पायजे ना? उद्या सकाळी सहाले तात्यापाऱ्यात ये. अन् खाऊन ये."

तात्यापारा ही रायपुरातली जुनी वस्ती; तिथे एक म्हातारे, निवृत्त रेल्वे गार्ड राहत. आपल्यातलेच मराठी, पण ख्रिस्ती नव्हेत. लकव्याने अर्धं अंग गेलेलं, पडून पडून पाठीला जखम झालेली. बायको थकलेली. मावशी रोज येऊन त्यांचं अंग पुसत, जखम धूत. पण त्यांना कुशीवर वळवायला मावशींचं मनगट आता पुरत नव्हतं. पहिल्या दिवशी पट्टी सुटली, तो वास आला, आणि मी बाहेर जाऊन गटारापाशी ओकलो. माझी सगळी आध्यात्मिक उंची पोह्यांसकट तिथेच गेली.

परत आलो तर म्हातारा ओरडला, "हळू घास ना! मालगाडीचा डबा धुऊन राहिला काय?"

मावशींनी माझ्या उपासालाही वळण लावलं. फक्त शुक्रवारी दुपारचं जेवण सोडायचं, तेही तोंड धुऊन, केस विंचरून. कोणाला कळलं, तर उपास मोडला. हे भलतंच कठीण निघालं. उपाशी राहणं जमत होतं, गप्प राहणं जमेना.

एकदा पाठ पुसताना म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या देवाले उपाशी माणसं काहून लागतात?"

"लागत नाहीत," मी म्हणालो. "मलाच तसं वाटलं होतं."

"मग नीट पूस."

ईस्टरच्या सकाळी पट्टी काढली तर जखम मिटलेली. मी म्हणालो, "भरली."

स्वतःची पाठ त्यांना कुठून दिसणार? "कशी दिसते?"

"गुलाबी. तान्ह्या पोराच्या टाचेसारखी."

चांगल्या हाताने चाचपत त्यांनी माझं मनगट धरलं आणि रडायला लागले. काय करावं ते कळेना, म्हणून ओला टॉवेल घेऊन मी तसाच बसून राहिलो. माझेही डोळे भरले.

चर्चला पोचलो तेव्हा पहिलं गीत संपलं होतं. पाळक पुनरुत्थानावर बोलत होते. लहानपणापासून ऐकलेला तो शब्द. पण त्याला कातडी असते, हे त्या दिवशी समजलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी गार्डांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. गाडीत मीच त्यांना उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधीच उठून बसलो, आणि कुठे जायचं ते सुचेना.